भट्टी म्हणजे डावीकडे

फ्रान्समधला पहिला सामना इंग्लंडच्या हौशी संघाने बावीस-सहा असा गमावला. परतीच्या बसमध्ये कोणी पंचाला शिव्या घातल्या नाहीत, हे प्रशिक्षक विल्फ ग्लेस्टरच्या लक्षात आलं. हरलेला संघ पंचाला शिव्या घालत असेल तर काळजीचं कारण नसतं. हा संघ खिडकीबाहेर बघत होता.

हरण्याबद्दल तक्रार नव्हती, हरण्याच्या तऱ्हेबद्दल होती. तेराजणांच्या रग्बीत प्रत्येक चालीला नाव असतं. कर्णधार ते ओरडतो आणि कोणी कुठे पळायचं हे बाकीच्यांना कळतं. त्या दिवशी ते फ्रेंचांनाही कळत होतं. ‘चॅपल’ म्हटलं की मधोमध त्यांची भिंत उभी. ‘रेल्वे’ म्हटलं की उजव्या काठावर चौघे हजर.

“माझं तोंड मिटायच्या आत ते जागेवर असायचे,” कर्णधार बॅरी पेनरिस म्हणाला. बॅरी घरांच्या छपरांवर कौलं बसवण्याचं काम करतो आणि एरवी फार बोलत नाही.

“कोणीतरी सांगितलंय,” विल्फ म्हणाला.

त्याने नाव घेतलं नाही. बसमध्ये फ्रेंच येणारा एकच माणूस होता आणि तो मागून तिसऱ्या रांगेत बसला होता.

लान्स मॉसप. वय तेहतीस, खेळायची जागा हाफ, म्हणजे चेंडू कुठे जाणार हे ज्याच्या हातात असतं ती. गाव सँडरिग, वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या किनाऱ्यावरचं, विल्फचंही तेच. बसडेपोत मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी डेपो बंद होता तेव्हा त्याने दोन हिवाळे दक्षिण फ्रान्समधल्या एका गावच्या क्लबकडून खेळून काढले होते. दिवसा दारूच्या कोठारात पिंपं हलवायची, संध्याकाळी सराव. तिथला त्याचा मित्र रेमी कझाल आता फ्रान्सच्या हौशी संघात होता. सामना संपल्यावर दोघे कठड्याला टेकून हसत होते. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कशावर हसत होते हे कोणी विचारलं नव्हतं.

“काय मस्यू,” क्रेग टिनियन फ्रेंच ढंगाने म्हणत पुढच्या बाकावरून मागे वळला. क्रेग हा दुसरा हाफ. लान्स राखीव बाकावर बसला की तो खेळतो. “तुझ्या दोस्ताला आमच्या कपड्यांचं मापही दिलंस का? म्हणजे पुढच्या वेळी अंगात घालूनच येतील.”

कोणी हसलं नाही. लान्सला क्रेगच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

*

उरलेले दोन्ही सामने सँडरिगला होते, लागोपाठच्या दोन शनिवारी. लान्स देशासाठी सात वेळा खेळला होता, पण सातही वेळा परगावी. आपल्या गावच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर, हीच पहिली वेळ होती आणि गुडघ्याची अवस्था बघता शेवटची. पण खरी भीती वेगळी होती. सँडरिगमध्ये एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. खाणीच्या संपाच्या वर्षी संप मोडून कामावर गेलेल्या एका माणसाचा नातू अजून क्लबात एकटाच पितो, आणि तो नातू संपानंतर जन्मलेला आहे.

पाहुण्या संघाला हॉटेलात ठेवायची इथे पद्धत नाही. ते घरोघरी वाटले जातात; ज्याच्याकडे जादा खाट आहे त्याने माणूस न्यायचा. लान्सच्या आईने, डोरीनने, रेमीला मागून घेतलं.

“आई, या वेळी नको,” लान्स म्हणाला.

“का? गेल्या वेळी दोन आयरिश होते, तेव्हा चाललं. ते तर आंघोळीला तास तास लावायचे.”

“लोक बोलतायत.”

“बोलू देत. मी वचन दिलंय आणि अंडी आणून ठेवलीत.”

रेमी आला. डोरीनच्या गालाला गाल लावून त्याने सगळ्या गल्लीदेखत तिची खुशाली विचारली. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. सरावाच्या दिवशी क्रेगने विचारलं, “रात्री जेवताना कुठली भाषा बोलता रे तुम्ही?”  त्यानंतर लान्स घरी मुद्दाम इंग्रजीच बोलू लागला. रेमीला ते विचित्र वाटलं, आणि रेमीला विचित्र वाटतंय हे बघून लान्सला वाटलं, याला खरंच काही लपवायचंय की काय.

संशय असा दोन्हीकडून वाढत होता. लान्सने क्रेगचाही विचार केला होता. चाली फुटल्या तर कोणाचा फायदा? लान्स बसला तर कोण खेळणार? पण क्रेगला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. क्लबात तो वाईनलाही ‘ते लाल’ म्हणायचा.

गुरुवारी सराव संपला तेव्हा विल्फने लान्सला चेंडूंच्या पिशवीपाशी थांबवलं.

“एक नवी चाल आहे,” तो म्हणाला. “‘भट्टी’. भट्टी म्हटलं की डावीकडे. सगळे डाव्या काठाने.”

“बाकीच्यांना?”

“ज्याला त्याला सांगेन. तू कोणाशी बोलू नकोस. आईशीसुद्धा नाही.”

“विल्फ, तुम्हाला जे वाटतंय ते सरळ विचारा ना.”

“मला काही वाटत नाही, पोरा. पिशवी उचल.”

गावाच्या उत्तरेला कोळशाची भट्टी होती, कधीच बंद पडलेली. नाव नवं म्हणून चांगलं होतं. लान्स ते कोणाशी बोलला नाही. आईशीही नाही.

*

शनिवारी वारा समुद्रावरून येत होता. सँडरिगमध्ये तो बहुतेक तिथूनच येतो. मैदानाच्या कडेने अख्खा गाव उभा होता. डोरीन लोकरी टोपी घालून पहिल्या रांगेत होती. संघ जाहीर झाला तेव्हा हाफच्या जागी क्रेगचं नाव आलं.

“दुसऱ्या डावात बघू,” विल्फ लान्सला म्हणाला.

लान्स बाकावर बसला. पहिला डाव संपत आला तेव्हा फ्रेंच बारा-आठने पुढे होते आणि पुन्हा तेच चाललं होतं. रेल्वे, आणि उजवीकडे चौघे. चॅपल, आणि मध्ये भिंत. लोक आता मैदानाकडे कमी आणि बाकाकडे जास्त बघत होते. मग फ्रेंचांच्या रेषेजवळ इंग्लंडला चेंडू मिळाला. बॅरीने विल्फकडे पाहिलं. विल्फने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“भट्टी!” बॅरी ओरडला.

फ्रेंचांची सगळी फळी डावीकडे सरकली. दोघे-तिघे नाही, सगळी. घसरगुंडीवरून घसरावी तशी. चेंडू उजवीकडे गेला. क्रेगने तो काठावरच्या विंगरला दिला आणि विंगरने रिकाम्या मैदानात धावत जाऊन रेषेपलीकडे चेंडू टेकवला, चार गुणांचा ट्राय. त्याला हातही लागला नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. त्यावरच्या किकचे दोन गुणही मिळाले आणि इंग्लंड चौदा-बारा पुढे गेलं.

लान्स उभा राहिला होता, टाळ्या वाजवायला. हात जुळायच्या आत त्याला कळलं. भट्टी म्हणजे डावीकडे, हे त्याला सांगितलं होतं. त्याला एकट्यालाच. बाकी संघ उजवीकडे गेला होता.

विल्फ मैदानाकडे पाठ करून त्याच्याकडे बघत होता.

दुसऱ्या डावात कोणालाच गुण मिळाले नाहीत आणि लान्सला कोणी उठवलं नाही. सामना चौदा-बारावर संपला. मालिका बरोबरीत आली. ज्या चालीने इंग्लंड जिंकलं तिनेच लान्स मॉसप चोर ठरला, आणि ज्यांना सापळा माहीत होता त्यांनी तो अर्ध्या तासात सगळ्यांना सांगितला.

क्लबाच्या हॉलमध्ये मांसाचे पॅटिस आणि शिजवलेले वाटाणे वाढले जात होते. विल्फने लान्सला दारातच गाठलं.

“पुढच्या शनिवारी येऊ नकोस.”

“मी कोणाला काही बोललेलो नाही.”

“मग त्यांना कळलं कसं?”

 लान्सने बॅरीकडे पाहिलं. बॅरी वाटाण्यांवर व्हिनेगर ओतत होता आणि बराच वेळ ओतत राहिला.

“तुझा बाप असता तर,” विल्फ म्हणाला, “त्याला मी हे त्याच्या तोंडावर सांगितलं असतं. तुला तोंडावर सांगतोय ते त्याच्या मानासाठी.”

लान्स न जेवता निघाला. मागून कोणीतरी “ओ रव्वार” म्हणत फ्रेंचमध्ये निरोप दिला, आणि या वेळी लोक हसले.

*

रविवारी सकाळी रेमी टेबलाशी बसून तळलेला पाव खात होता. डोरीन चर्चला गेली होती. लान्सने खुर्ची ओढली आणि बऱ्याच दिवसांनी फ्रेंचमध्ये बोलला.

“गुरुवारी रात्री मी झोपेत बडबडत होतो का?”

“घोरत होतास. का?”

“‘भट्टी’ म्हणजे डावीकडे, हे तुला कोणी सांगितलं?”

रेमीने घास गिळला. “तू थट्टा करतोयस का?”

“मला संघातून काढलंय, रेमी.”

“कशासाठी?”

“तुम्हाला सांगितलं म्हणून.”

रेमी हसायला लागला, मग लान्सचं तोंड बघून थांबला. “अरे, आम्हाला तुमच्या म्हाताऱ्याने सांगितलं. विल्फने. सहा वर्षं झाली. आम्ही सतराचे होतो, इथे आलो होतो शाळेच्या संघातून. पाऊस इतका पडला की मैदानावर बदकं पोहत होती. सामना रद्द. तर तो म्हणाला, पोरं एवढ्या लांबून आली आहेत, रिकामी कशी बसवायची? शाळेच्या हॉलमध्ये नेलं आणि सकाळ-संध्याकाळ चाली शिकवल्या. चॅपल, रेल्वे, जेटी, भट्टी. चुकलो की कानाला धरायचा. त्या पोरांतले पाचजण आज आमच्या संघात आहेत. बाकीच्यांना आम्ही शिकवलं.”

“आणि तू मला हे कधी सांगणार होतास?”

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! फ्रान्समध्ये तुम्ही तीच नावं ओरडायला लागलात तेव्हा आमच्या प्रशिक्षकाला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. दुसरीकडे कोण पळतंय बघा, म्हणून तो बोंबलत होता. पण डाव नव्हताच. आणि काल भट्टीला तुम्ही उजवीकडे गेलात. आमच्या खोलीत सगळे म्हणाले, बघा, म्हातारा कसा पक्का निघाला. एक सामना मुद्दाम हरला आणि आम्हाला गाफील ठेवलं.”

लान्स टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत राहिला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पहिला विचार आला तो असा, की हे सांगणारा माणूस त्याच्याच घरी राहतो, त्याच्याच आईच्या हातचं खातो, आणि गावात यावर एकही माणूस विश्वास ठेवणार नाही.

*

विल्फ भाजीच्या वाफ्यात होता. त्याच्या वाफ्याला तारेचं कुंपण आणि दाराला कुलूप असतं, कारण भाज्यांच्या प्रदर्शनाच्या वर्षी कोणीतरी त्याचे लीक, म्हणजे पातीचे लांब कांदे, कापून टाकले होते, असं तो म्हणतो. त्याने कुलूप उघडलं नाही. दोघे तारेच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि लान्सने सगळं सांगितलं.

“ती पोरं आठवतात,” विल्फ म्हणाला. “पाऊस आठवतो. चाली शिकवल्या असतील. कोणालाही शिकवतो मी. पण भट्टी नाही. भट्टी मी गुरुवारी काढली, पिशवी भरताना.”

“तुम्हाला ती आठवली असेल.”

“मला काय आठवतं ते तू सांगणार?”

“बरं. मग रेमीला बोलावून विचारा.”

“तुझ्या घरी राहतो तो. तू सांगशील ते म्हणेल.”

“दुसऱ्या कोणाला विचारा.”

“दुसऱ्याला रेमी सांगेल. काल रात्रीपासून वेळ होता तुम्हाला.” विल्फने फावडं जमिनीत रोवलं. “हेच तर आहे, पोरा. आता कोणीही काहीही सांगितलं तरी मला वाटणार की पढवलंय.”

लान्सला चीड आली, पण बोलणं खोटं नव्हतं. तो स्वतःही आठवडाभर तसाच विचार करत होता. त्याने तारेत बोटं अडकवली.

“तुमच्याकडेही एकजण राहतो ना?”

“तिबो. विंगर. पोरगा चांगला आहे, भांडी घासतो, बोलत मात्र फारसा नाही.”

“तो होता का तेव्हा?”

“मला काय ठाऊक! तेव्हा सगळी सारखीच दिसायची, चिखलाने भरलेली.”

“विल्फ, तुमची एखादी जुनी चाल असेल. तुम्ही कधीच सोडून दिलेली. मला माहीत नसलेली. मला सांगू नका. घरी जाऊन ती त्याच्यासमोर ओरडा.”

 यात कुठे फट आहे का, ते विल्फने शोधून पाहिलं. सापडली नाही. “तू माझ्या मागे चालायचं,” तो म्हणाला. “खुणा करायच्या नाहीत. हात खिशात.”

लान्सने हात खिशात घातले. दोघे गल्लीने निघाले. पुढे विल्फ, मागे लान्स, अटकेतल्या माणसाला नेतात तसे, फक्त क्रम उलटा. लोकांनी पाहिलं आणि काय समजायचं ते समजले.

विल्फच्या घरामागच्या बोळात तिबो शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून चेंडू भिंतीवर मारत होता. त्याची पाठ इकडे होती. विल्फ कोपऱ्यावर थांबला. त्याचे ओठ एकदा हलले, जणू नाव बरोबर आठवतंय का ते तपासत होता.

“लायब्ररी!” तो गरजला.

तिबो दोन पावलं मागे आला, चेंडू छातीशी धरून खांदा खाली पाडला आणि उजवीकडे फिरून चादरीत घुसला. दोरीसकट चादर खाली आली. तिच्यातून त्याचं डोकं बाहेर निघालं.

“ग्लेस्टर सर!” तो इंग्रजीत म्हणाला, आणि उच्चार अस्सल सँडरिगचा होता. “पाय आधी, खांदा मग. बरोबर?”

“खांदा आधी,” विल्फ म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं. मग तो बोळाच्या भिंतीला टेकला. “लायब्ररी मी त्या हिवाळ्यानंतर कधी वापरली नाही. ती चाल ज्याच्यासाठी होती त्याचा पाय मोडला.”

शेजारीण दारात आली आणि चादर आता कोण धुणार म्हणून ओरडू लागली. विल्फने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

“शनिवारी तू पहिल्यापासून खेळशील,” तो म्हणाला.

“नुसतं खेळून भागणार नाही,” लान्स म्हणाला. “तुम्ही ‘येऊ नकोस’ हे हॉलच्या दारात, सगळ्यांसमोर बोलला होतात.”

*

मंगळवारी सरावाला हल आणि वेकफील्ड या लांबच्या शहरांतलीही पोरं कामावरून सुटून आली. विल्फने सगळ्यांना मैदानाच्या मध्यावर उभं केलं. भाषण त्याला जमत नाही.

“लान्सने काही फोडलेलं नाही,” तो म्हणाला. “फ्रेंचांना चाली मी शिकवल्या. शाळेच्या हॉलमध्ये, ती पोरं असताना. भट्टीसकट. भट्टी नवी आहे असं मला वाटलं होतं. नव्हती.”



“म्हणजे आपला हेर तुम्हीच,” बॅरी म्हणाला. तो इतकं गंभीरपणे म्हणाला की हलचा एक थोराड प्रॉप, पुढच्या फळीतला, खिंकाळला आणि मग सगळेच हसले.

क्रेग हसला नाही. “हे कळलं कसं पण? त्या रेमीने लान्सला सांगितलं, लान्सने तुम्हाला?”

“मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.”

“पाहिलं असेल. मी नुसतं विचारतोय.”

“विचार,” विल्फ म्हणाला. “मीही आठवडाभर तेच केलं. शनिवारी तू बाकावर आहेस. आता, सगळ्या नावांना रजा. नवी नावं हवीत. लान्स ठरवेल.”

“आणि मग तुम्हाला सांगायची?”

“मला नाही सांगायची. अजिबात नाही.” विल्फने टोपी नीट केली. “माझ्या घरी एक फ्रेंच आहे, आणि सकाळी त्याचा खांदा चुकला की माझ्याच्याने राहवत नाही.”

तो मैदान ओलांडून गाड्या लावायच्या जागेकडे गेला आणि कुंपणापाशी, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. वाऱ्यात त्याचा कोट एका बाजूला फडफडत होता.

संघाने लान्सकडे पाहिलं. त्यातले बहुतेक चेहरे शरमलेले होते. दोन-तीन नव्हते. लान्सने ते मोजले नाहीत, पण कोणते ते त्याला कळलं. समजा नावं त्याने एकट्याने दिली, आणि शनिवारी त्यातलं एक जरी फ्रेंचांनी योगायोगाने ओळखलं, तर तिबो आणि चादर कोणाला आठवणार नव्हती.

“मी ठरवणार नाही,” तो म्हणाला. “प्रत्येकाने एकेक द्यायचं. स्वतःच्या गावचं. सगळ्यांनी सगळी पाठ करायची. म्हणजे फुटलंच, तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघा.”

“मीपण?” क्रेगने विचारलं.

“तू पहिला.”

क्रेगने थोडा विचार केला आणि आपल्या मामाच्या चिप्सच्या दुकानाचं नाव दिलं. हलच्या प्रॉपने एका पुलाचं दिलं. बॅरीने ज्या छपरावरून तो दोनदा पडला होता त्या घराचं दिलं. नावं डोकी एकत्र करून, दबक्या आवाजात फिरली. दोनदा, मग तिसऱ्यांदा, उलट क्रमाने. हलक्या आवाजात बोलायची सवय नसलेली ती माणसं होती, त्यामुळे वेळ लागला.

“झालं का?” कुंपणापासून विल्फची हाक आली. गारठ्याने त्याने हात काखेत घातले होते, पण तो वळला नव्हता.

झालं होतं. सगळे लान्सकडे बघत होते.

“अजून नाही,” लान्स ओरडला.